पाटीवर मावेल एवढंच

भायखळ्याच्या ऑफिसात, गळक्या एसीखाली बादली ठेवून
मी 'लिफ्ट' नावाचा क्लास लिहीत होते.
साडेतीनशे लिफ्टांची देखभाल
दिवाळीच्या आत कागदावरून वेबवर आणायची होती.

माझ्या कन्स्ट्रक्टरला चौदा पॅरामीटर होते.
इमारत, मजले, मोटर, दोराची जाडी,
सोसायटीच्या सेक्रेटरीचा मोबाइल,
शेवटचं ग्रीस कधी, पुढचं बिल किती,
आणि जन्मल्या क्षणी लिफ्टने
डेटाबेसला हाक मारायची, थकबाकी मोजायची,
सेक्रेटरीला एक मेसेजही टाकायचा.
मला फार नेटकं वाटलं होतं ते.

नझीर मुकादम, एकतीस वर्षं मेकॅनिक, मूळचे म्हसळ्याचे,
चष्मा कपाळावर ढकलून स्क्रीनकडे बघत राहिले.
कोड नाही कळला त्यांना, रांग कळली.
"पोर पुरतं बाहेर आलं नाही
आणि तू त्याला लाइट बिल भरायला पाठवतेस?"

दुसऱ्या दिवशी मला बॅलार्ड इस्टेटला नेलं.
गच्चीवरची मशीन रूम, कबुतरांची घाण,
जुन्या तेलाचा गोडसर वास.
मोटरच्या अंगावर तळहाताएवढी पितळी पाटी:
नंबर. साल. सहा माणसं.
त्यांनी ती बाहीने पुसली.
"मरेस्तोवर बदलत नाही ते पाटीवर.
बाकी सगळं या डायरीत.
आणि डायरी विचारल्याशिवाय बोलत नाही."

खाली कुणीतरी बटण दाबलं.
खटका पडला, दोर ताणला,
चाक आळस देत फिरू लागलं.
"त्या माणसाला यातलं काही ठाऊक नाही," ते म्हणाले.
"कशाला असायला पाहिजे?
लोकांच्या हातात बटण द्यायचं. दोर द्यायचा नाही."

रात्री चेंबूरला, जेवणाचं ताट बाजूला सारून
मी चौदाचे तीन केले.
दोर, ब्रेक, मोटर आत ओढून प्रायव्हेट केले.
मेथडना आज्ञार्थी नावं दिली, सुटसुटीत:
वर जा. थांब. दार उघड.
'सगळं बघ' नावाची एक होती, सव्वाशे ओळींची.
तिच्या पोटातून पाच निघाल्या,
त्यातल्या दोघी एकमेकींचंच काम खोडत होत्या,
हे मला आठ महिने कळलं नव्हतं.

मंगळवारी डॉकयार्ड रोडच्या गोदामातली
एक मालाची लिफ्ट नोंदवायला आली.
पाटीच नाही. पितळेच्या लोभानं कुणीतरी उचकटलेली,
चार स्क्रूंची भोकं तेवढी राहिलेली.
कन्स्ट्रक्टर अडून बसला:
नंबर रिकामा चालणार नाही, लाल अक्षरांत.
त्याची चूक नव्हती, मीच तसं बजावलं होतं.
लिफ्ट मात्र चालू होती.
चहाच्या पेट्या रोज वर नेत होती
माझ्या क्लासला न विचारता.

"शून्य टाकून देऊ?"
"आणि उद्या अशीच दुसरी आली?
दोघी एकच होतील. ग्रीस हिला, बिल तिला."
त्यांनी खिशातला खडू काढला,
चौकटीवर लिहिलं: डॉ १. खाली तारीख.
"ही सापडल्याची. जन्माची नाही. तसं लिहून ठेव."

मूळ दार मी ढिलं केलं नाही.
शेजारी दुसरं केलं, त्याचं नाव 'सापडलेली'.
तिथून येणाऱ्यांचं साल कोरं राहतं,
आणि कोरं आहे असं त्या स्वतःच सांगतात.

आता 'मेकॅनिक' हा क्लास उरलाय.
विचारलं, तुमच्या पाटीवर काय घालू?
नाव, म्हणाले. रक्तगट.
फोन? तो बदलतो.
पत्ता?
माझगावची इमारत पाडून नऊ वर्षं झाली,
हा तिसरा ट्रान्झिट कॅम्प.
डायरीला रबर लावत म्हणाले,
"तो पाटीवर नको.
त्या दिवशी विचार. त्या दिवशी जिथं असेन
तिथलं सांगेन."